बँकॉकचे चार दिवस: कोणत्या दिवशी कोणती दिशा? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी फ्लॅट नंबर)

*ए-१०३:* बुधवारी रात्री बँकॉकला पोचतोय, गुरुवार ते रविवार तिथेच. सोबत सासू-सासरे (सत्तरीचे) आणि ९ वर्षांची मुलगी. एजंट म्हणतोय शुक्रवारी सकाळी फ्लोटिंग मार्केट आणि दुपारी अयुथ्या (जुनी राजधानी). झेपेल का?

*सी-६०१:* नको ताई. अयुथ्या उत्तरेला साधारण ८० किमी, फ्लोटिंग मार्केट नैर्ऋत्येला तेवढंच किंवा थोडं जास्तच, आणि मधे बँकॉकचा ट्रॅफिक. दिवस गाडीत जाईल. अयुथ्याला ऐन उन्हात पोचाल, तिथे अवशेषांमधे सावली फार कमी. एका दिवशी एकच दिशा धरा.

*बी-२०४:* सहमत. गुरुवारी ग्रँड पॅलेस. ८:३० ला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा, दहानंतर टूर बसेसची रांग लागते. तिकीट ५०० बाट. शेवटचा प्रवेश ३:३०. खांदे आणि पाय झाकलेले हवेत. स्लीव्हलेसवर ओढणी घेतली की चालेल असं समजू नका, बाह्यांचाच कपडा घाला. साडी, सलवार-कमीझ उत्तम.

बाहेर कोणी गोड बोलून "आज पॅलेस बंद आहे, स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो" म्हणालं तर थांबूच नका. त्यांची टुकटुक (तीनचाकी रिक्षा) रत्नांच्या दुकानात नेते. बंद आहे की नाही ते फक्त तिकीट खिडकीवर विचारायचं.

*डी-४०२:* पॅलेसच्या आतल्या वाट फ्रा केओच्या (थाईत वाट म्हणजे देऊळ) ओवऱ्यांमधली रामायणाची चित्रं घाईत सोडू नका. १७८ चित्रं आहेत, भिंतीवर सलग. सुरुवात उत्तरेकडून, जनकाला सीता सापडते तिथपासून, आणि पुढे प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचं. उलट फिरलात तर कथा उलटी लागते. पांढरा तो हनुमान, हिरव्या तोंडाचा तोत्साकान म्हणजे रावण. आजोबा नातीला चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगू शकतील अशी जागा बँकॉकमधे दुसरी नाही. मुख्य गाभाऱ्यात फोटो काढायचे नाहीत आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत.

*बी-२०४:* तिथून वाट फो चालत जाता येतं, ४६ मीटरचा पहुडलेला बुद्ध. मग ता तियन धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण, होडीला काही बाटच लागतात. वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. आजी-आजोबांनी खालूनच बघावं.

*ए-१०३:* आणि अयुथ्या? ट्रेनने की गाडीने?

*सी-६०१:* ट्रेन. दीड-दोन तास. थर्ड क्लास अगदी स्वस्त, पण आरक्षण नाही आणि पंखेच. एसी एक्सप्रेस कित्येक पट महाग. घोळ होतो तो स्टेशनचा. लांबच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात (बांग सू) वरून सुटतात, काही साध्या गाड्या अजूनही हुआ लाम्फोंगवरून. तिकिटावरचं स्टेशन वाचूनच टॅक्सीत बसा.

तिथे उतरल्यावर सरळ रस्त्याने नदी, होडीने पलीकडे जुनं शहर. तरुण मंडळी सायकल घेतात, तुम्ही टुकटुक तासावर ठरवा. किती तास आणि कोणती देवळं हे बसायच्या आधीच बोलून घ्या. वाट महाथात, फ्रा सी सनफेत आणि चायवत्तनाराम, तीन पुरे. १७६७ मधे बर्मी सैन्याने शहर जाळलं, म्हणून इतक्या मूर्ती बिनडोक्याच्या दिसतात. त्यांच्यामागे उभं राहून आपलं डोकं लावून फोटो काढणं तिथे घोर अपमान समजतात. महाथातला झाडाच्या मुळांतला चेहरा आहे, त्याच्यासमोर खाली बसूनच फोटो.

*डी-४०२:* फ्लोटिंग मार्केट शनिवारी ठेवा आणि अम्फावाला जा. दाम्नोन सदुआकचं फ्लोटिंग मार्केट रोज असतं पण सकाळी, आणि आता बरंचसं टुरिस्टांसाठीच. अम्फावा शुक्र-शनि-रवि, दुपारनंतर भरतं, त्यात स्थानिक लोक जास्त. वाटेतच मेक्लोंगचा रुळांवरचा बाजार. तिथे गाडी येते ८:३०, ११:१०, २:३०, ५:४० ला. ११:१० ला आलेली ११:३० ला परत सुटते, म्हणजे वीस मिनिटांत दोनदा दिसते. हीच वेळ धरा. गाडी येताना मुलीचा हात सोडू नका, डबे अगदी अंगाजवळून जातात.

*बी-२०४:* मेक्लोंगला जायला बँकॉकच्या वोंगवियान याई स्टेशनवरून लोकल, महाचायला होडी, मग पलीकडच्या बान लेमहून १०:१० ची गाडी, हा मार्ग सुंदर आहे. पण १०:१० चुकली तर थेट दुपारी १:३०. सासू-सासरे बरोबर असताना दिवसभरासाठी व्हॅनच करा.

*ए-१०३:* सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत 🙏

*डी-४०२:* मग पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात เจ लिहिलेली "जे" (थाई शुद्ध शाकाहारी) दुकानं शोधा. मांस, अंडं, दूध, कांदा, लसूण काही नसतं. बटाटा-गाजर मात्र असू शकतं, जैन असाल तर सांगावं लागेल. साध्या हॉटेलात "चिकन काढून द्या" म्हणून भागत नाही, कारण करीच्या वाटणातच कापी म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते आणि पॅड थाय (नूडल्स), सोम तामला (कच्च्या पपईची कोशिंबीर) नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी. सरळ "किन जे" (मी जे खाते) म्हणा. सॅम योत मेट्रोजवळ पाहुरात भागात भारतीय शाकाहारी जेवण मिळतं.

*सी-६०१:* थायलंडला पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत टीडीएसी (थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड) फॉर्म सरकारी साइटवर भरा, फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

*ए-१०३:* मग गुरुवार पॅलेस, शुक्रवार ट्रेनने अयुथ्या, शनिवार व्हॅनने मेक्लोंग-अम्फावा. एजंटला कळवते.

*बी-२०४:* व्हॅनवाल्याला ११ च्या आत मेक्लोंगला पोचायचंय हे लिहूनच द्या. अम्फावा त्यानंतर, उलट क्रमाने नको.