घोडीला गाडीचा लई त्रास होतोय, नैसर्गिक उपाय सांगा (अर्जंट)

कळंबेकर_पागा:
नमस्कार मंडळी. आमची घोडी गाडीत चढवली की घामानं भिजते, उतरवल्यावर दोन दोन दिवस चंदीला (हरभऱ्याच्या दाण्याला) तोंड लावत नाही. मागल्या खेपेला तर उतरताना पाय लटलटत होते. पुढच्या गुरुवारी परत न्यायची आहे. गुंगीचं इंजेक्शन नको, काहीतरी नैसर्गिक सांगा. लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

पंचगंगाकाठ:
भावा, किती लांब, कसली गाडी, घोडीचं वय काय, एकटीच असते का? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं तरी काय?

गुळाची_ढेप:
अर्धा किलो गूळ चारा निघायच्या आधी. आमच्या आज्ज्यापासून चालत आलंय, ताकद येते आणि जनावर शांत राहतं.

पंचगंगाकाठ:
अर्धा किलो? आणि वर चंदीचा हरभरा? पोटशूळ उठला तर वाटेत कोण बघणार? असलं काही सांगू नका दादा. गूळ घालायचा तर मूठभर, तो पण पाण्यात, वास ओळखीचा व्हावा म्हणून. बाहेरचं पाणी घोडी पीत नाही, वास वेगळा लागतो. आजपासून घरच्या बादलीत थोडा गूळ घाल, वाटेत तोच घाल, मग पिते.

आंबाघाट_भटक्या:
आमच्या कुत्र्याला गगनबावडा घाटात दर वेळी उलटी होते. आवळा सुपारी दिली की बरं वाटतं. तुम्ही पण देऊन बघा.

निवृत्त_पशुवैद्य:
घोड्याला उलटी होतच नाही, अन्ननळी जठराला मिळते तिथली झडप उलटं येऊच देत नाही. म्हणून तर निघायच्या आधी पोट भरून दाणा द्यायचा नसतो, जे अडकलं ते आतच राहतं. दाणा कमी, वैरण तोंडासमोर. पण मूळ धागाकर्त्यानं सांगावं, घोडीचं डोकं गाडीत कसं बांधता?

कळंबेकर_पागा:
सहा वर्षांची कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी आहे. पिकप. एकटीच असते. मोरकीला (तोंडावरच्या बंधाला) दोर घालून समोरच्या कठड्याच्या वरच्या दांडीला आखूड बांधतो, नाहीतर डोकं खाली घालून पाय अडकवते. मागच्या खेपेला गालावरचं साल गेलं होतं दोरानं. खोकत पण होती तीन-चार दिवस, धूळ गेली असंल म्हणून सोडून दिलं. आता नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला न्यायची आहे, दत्तजयंतीच्या यात्रेला, विकायला नाही, दाखवायला.

निवृत्त_पशुवैद्य:
सारंगखेडा! म्हणजे कोल्हापुरापासून सहाशेच्या वर किलोमीटर. हे आधी सांगायला हवं होतं. आणि उत्तर तुमच्याच ओळीत आहे. डोकं तासन्तास वर बांधलेलं असलं की श्वासनळीतला कफ नि धूळ बाहेर पडत नाही, तेच आत उतरून फुप्फुसाला सूज येते. तो खोकला धुळीचा नव्हता असं मला वाटतं. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवा, इंजिन बंद, दोर मोकळा सोडा, नाक गुडघ्यापर्यंत खाली जाऊ द्या, अर्धा तास. शिंकेल, नाक गळेल, गळू द्या. कडबा ओला करून द्या. बारा तासांच्या वर सलग नेऊ नका, मध्ये एक रात्र उतरवा. पोचल्यावर तीन दिवस ताप मोजा, ३८.५ सेल्सियसच्या वर गेला तर डॉक्टर बोलवा.

सुगंधी_उपचार:
लॅव्हेंडर तेलाचे दोन थेंब फडक्यावर टाकून नाकाजवळ धरा, घोड्याचे ठोके खाली येतात यावर अभ्यास झालेले आहेत. शिवाय अश्वगंधा, नावातच घोडा आहे.

पंचगंगाकाठ:
ताई, घोड्याच्या नावानं वनस्पती आहे म्हणून घोड्याला लागू होईल असं नसतं. तेलाचं म्हणाल तर घरी शांत असताना आधी हुंगवून बघावं, प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा काहीच नको. माझं मत विचाराल तर खरारा. खोगीर बसतं त्याच्या पुढं, मानेच्या बुडाला बोटांनी खाजवत राहायचं. घोडी एकमेकींना तिथंच चावून खाजवतात.

गुळाची_ढेप:
तोंड मागं करून उभी करा, ब्रेक मारला की मागल्या पायावर तोलते.

निवृत्त_पशुवैद्य:
हे सगळ्यांना लागू होत नाही. रिकाम्या पिकपमध्ये मोकळी सोडा, कुठं तोंड करून उभी राहते ते बघा.

करवीर_रायडर:
ग्लँडर्सची (घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची) रक्ततपासणी आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आहे का? १९७८ च्या जनावर वाहतूक नियमात सर्टिफिकेट लागतं. रिपोर्टला वेळ लागतो, आजच बघा. आणि जात कुठली, मारवाडी का आपली दख्खनची भीमथडी? भीमथडी असंल तर एवढं नाजूक नसतं ते जनावर.

पंचगंगाकाठ:
जात कुठं आली मध्येच. भीमथडी झाली म्हणून तिचं डोकं दांडीला बांधायचं?

कळंबेकर_पागा:
सर्टिफिकेट उद्या मिळतंय, रक्त गेलं आहे आठ दिवसांपूर्वी. मारवाडी आहे. सर, खोकल्याचं वाचून रात्री झोप लागली नाही, आज डॉक्टरांना दाखवली, छाती साफ आहे म्हणाले. संध्याकाळी पिकप दारात लावली, खाली पाचट अंथरलं, फळी टाकली आणि दोर हातभर लांब सोडला. शेजारच्यांची म्हातारी घोडी आधी चढवली. आमची दहा मिनिटं फळीवर पुढचे दोन पाय ठेवून उभी होती, मी मानेला खाजवत राहिलो, मग आपोआप आत गेली. नाक खाली घालून पाचट हुंगलं, जोरात फुरफुरली. घाम नाही. शेजारी म्हातारीला पण न्यायला तयार आहेत, पण पिकपमध्ये दोघी बसत नाहीत. मोठी गाडी कोल्हापुरात कोण देतं, कठडा उंच असलेली, आणि ड्रायव्हर सांभाळून चालवणारा पाहिजे. गुरुवारच्या आत.