“आमच्या वेळी असलं काही नव्हतं”

शेवंता_पुणे (धागाकर्ती): शाळेच्या आठवणींच्या धाग्यावर काल एकांनी ठोकून दिलं, “ही गे-लेस्बियन पोरं मुळातच मनाने कमकुवत, म्हणून जीव द्यायला निघतात. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” तिथे गिळलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

होतं की! आमच्या नववीत होता एक. सहलीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची सीट रिकामी. हजेरीत नाव आलं की मागच्या बाकावरून बायकी आवाजात “हजर!” सरसुद्धा हसायचे. दहावीच्या सहामाहीआधी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. घरच्यांनी शाळेत कळवलं, कावीळ झालीय. दोन वर्षं रोज ते “हजर” ऐकून शाळेत येणारा मुलगा कमकुवत?

खडूसकाका: ते मीच लिहिलंय, नाव घ्यायला लाजता कशाला? 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, महाराष्ट्र पहिला. त्यात ‘तसले’ किती? आकडा द्या, मग बोला.

निमूट: काका, आकडा येणार कुठून? पोलिसांच्या कागदावर कारणं असतात कौटुंबिक समस्या, प्रेमप्रकरण, परीक्षेतलं अपयश. ‘मुलगा गे होता’ हे कुठला बाप हवालदाराला सांगेल? जिथे मुलांनाच विचारतात तिथलं ऐका. अमेरिकेत ज्या राज्यांनी समलिंगी विवाह मान्य केले, तिथे शाळकरी मुलांमधले आत्महत्येचे प्रयत्न साधारण 7 टक्क्यांनी उतरले, गे-लेस्बियन-बायसेक्शुअल मुलांमध्ये साधारण 14 टक्क्यांनी. पोरं तीच, फक्त कायदा बदलला.

खडूसकाका: आली अमेरिका! आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 जाऊन किती वर्षं झाली? मग आता कसला त्रास?

निमूट: 377 कोर्टातून गेलं 2018 मध्ये. तुमच्या दिवाणखान्यातून कधी जाणार?

माई_डोंबिवली: भांडू नका रे. शाळेत समुपदेशक नेमा, प्रश्न मिटेल.

तिखटमीठ: माई, आमच्या शाळेतल्या समुपदेशक बाई आठवड्याला बारा तास चित्रकला घेतात. ‘समुपदेशन कक्षा’त गॅदरिंगचे मुकुट ठेवलेत.

माई_डोंबिवली: माझी भाची समुपदेशक आहे. कंत्राटी, तीन शाळा मिळून एक. पगार तीन-तीन महिने नाही. आधी तिचं समुपदेशन करा!

गणितवाला_सर: आणि वर्गशिक्षकांनी काय काय करायचं? जनगणना, निवडणूक, खिचडी, आता हेही?

तिखटमीठ: सर, वर्गात हसू नका, एवढंच. त्याला भत्ता लागत नाही.

गणितवाला_सर: तोंड सांभाळून. मी कधी कुणाला हसलो नाही.

पारिजात२१: मुकुटांवरून आठवलं म्हणून लिहितेय, एरवी वाचनमात्र असते. अकरावीत मी समुपदेशक बाईंना सांगितलं की मला मुली आवडतात. “आपल्यातच राहील” म्हणाल्या. चार वाजता घरी पोचले तर आई गॅसपाशी उभी, दूध उतू जातंय, आणि ती बंद करत नाहीये. बाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. पुढे महिनाभर एका डॉक्टरकडे ‘बरं’ करायला नेत होते. त्या महिन्यात माझं काय झालं ते इथे लिहिणार नाही. तेव्हा माई, समुपदेशक नेमा, पण आधी त्यांना गप्प बसायला शिकवा.

निमूट: असं ‘बरं करणं’ 2022 पासून डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं, तक्रार करता येते. आणि इथे आत्ता कुणी एकटं वाचत बसलं असेल तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

माई_डोंबिवली: पारिजात, बाळा, आई आता बोलते का गं?

पारिजात२१: बोलते. त्या विषयावर नाही.

खडूसकाका: ठीक आहे, ‘कमकुवत’ मागे घेतो. खूश? बाकी मतं कायम. आणि ते सर हसायचे, त्यांना कुणी काही बोललं का नाही?

शेवंता_पुणे: नाही काका. आम्हीही हसत होतो.

गणितवाला_सर: जनगणनेचं कुणी उत्तर दिलं नाही.