पाण्याची टाकी फुल नको
वर विचारलंय की इंदूरहून नाशिकला कॅराव्हॅन नेताना पाण्याची टाकी फुल करावी का. मी तरी अर्धीच भरा म्हणेन, १०० लिटर म्हणजे सरळ १०० किलो वजन, आणि मानपूर सोडलं की रस्ता खाली निमाडात उतरतो तिथे जड गाडीचे ब्रेक तापतात. आम्ही दिवाळीत आई-बाबांना घेऊन गेलो तेव्हा करपट वास यायला लागला, आईने पोह्यांचा डबा मांडीवर घट्ट धरून ठेवलेला, शेवटी बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, न्यूट्रल तर अजिबात नको. पाणी पुढे धामनोदला भरा. आणि सोबत म्हातारी माणसं असतील तर सगळं एका दिवसात उरकू नका प्लीज, महेश्वरला मुक्काम करा, सकाळी घाटावर नर्मदेत पाय सोडून बसल्यावर आईचा चेहरा खुलला.