सेफ्टी कॉलेज परवडायलाही हवं

लेकीला अमेरिकेत शिकायला पाठवायचं तर सेफ्टी कॉलेज, म्हणजे जिथे प्रवेश जवळपास नक्की मिळेल असं कॉलेज, कसं निवडावं, असं तुम्ही विचारलंत. त्यावर कुणीतरी म्हटलंय, 'अर्ज करणाऱ्या सत्तर टक्के मुलांना घेतात, म्हणजे ते कॉलेज सेफ'. हे मत मला पटत नाही. फीच झेपली नाही तर प्रवेश मिळून काय उपयोग? परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की बहुतेक अमेरिकी कॉलेजं निवड करतानाच ते विचारात घेतात, म्हणजे प्रवेशाची शक्यता कमी होऊ शकते. हार्वर्ड, एमआयटीसारखी मोजकी कॉलेजं ते विचारात घेत नाहीत, पण ती कुणासाठीच सेफ्टी नव्हेत. त्यापेक्षा मार्कांवर ठरलेली स्कॉलरशिप वेबसाइटवर आधीच जाहीर करणारी तिथली सरकारी विद्यापीठं शोधा. स्कॉलरशिप वजा करून उरलेली फी, हॉस्टेल, जेवण, आरोग्य विमा, सगळं रुपयांत मांडून बघा. आणि तुमच्या लेकीला इंजिनिअरिंगच करायचंय तर जेईई देऊन इथे गोव्यातच फर्मागुढीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजसाठीही अर्ज करू दे. तुमच्या म्हापशाहून ते काही लांब नाही.