थ्रीडी प्रिंटिंगची बांधकामे : भिंतींच्या वेगावरून घराचे मूल्यमापन करावे काय?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

मापनपट्टी :

काँक्रीटच्या थ्रीडी प्रिंटिंगची, म्हणजे यंत्राच्या नोझलमधून (तोंडातून) काँक्रीटचे थर एकावर एक सोडून भिंत उभी करण्याच्या तंत्राची, कोणतीही बातमी घ्या, मथळ्यात तास किंवा दिवस हमखास असतात. मलावीत 2021 मध्ये एका शाळेच्या भिंती 18 तासांत छापून झाल्या. बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधील 1,021 चौरस फुटांचे टपाल कार्यालय 2023 मध्ये 43 दिवसांत पूर्ण झाले. ही कामे करणाऱ्या अभियंत्यांविषयी मला आदर आहे आणि आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या आकड्यांवरून "घरबांधणीचा प्रश्न आता सुटला" असे जे सांगितले जाते, त्याविषयी.

घराच्या एकूण कामात भिंतींचा वाटा मर्यादित असतो. पाया, स्लॅब किंवा छप्पर, वीज, नळजोडणी, दारे-खिडक्या, वॉटरप्रूफिंग, फरशी यांतले बहुतेक काम आजही माणसेच करतात. टेक्सासमधील जॉर्जटाउन येथे शंभर छापील घरांची वसाहत उभारली गेली. तिथेही यंत्राने भिंती रचल्या, पाया आणि धातूची छपरे मात्र नेहमीच्याच पद्धतीने झाली. जो टप्पा मुळातच लहान आहे, त्यातला निम्मा वेळ वाचला तरी ताबा मिळण्याच्या तारखेत किती फरक पडणार?

यापेक्षा गंभीर बाब मिश्रणाची आहे. छपाईच्या काँक्रीटकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. ते पंपातून आणि पाइपातून सहज वाहिले पाहिजे, नोझलबाहेर पडताक्षणी त्याने आकार धरला पाहिजे, आणि तरीही वरचा थर येईपर्यंत ते इतके ताजे राहिले पाहिजे की दोन्ही थर एकजीव व्हावेत. हे साधण्यासाठी बहुतेक ठिकाणी मोठी खडी वगळतात आणि सिमेंटसारखे बंधक पदार्थ वाढवतात. नेहमीच्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे साधारण 300 ते 400 किलो सिमेंट लागते. छपाईच्या मिश्रणांत बंधकाचे प्रमाण अनेकदा 600 किलोच्या पुढे जाते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. असे असताना या तंत्राला सरसकट "हरित" म्हणणे मला मान्य नाही. निवासी इमारतींसाठी त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करण्याची घाई होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परांची :

आपण भिंतीचा वेळ मोजलात, पण शटरिंगचा, म्हणजे काँक्रीटच्या तात्पुरत्या साच्याचा, हिशेब धरला नाही, आणि या तंत्राचे खरे बळ तिथेच आहे. साच्यात ओतलेल्या काँक्रीटसाठी आधी प्लाय, फळ्या आणि टेकू यांची एक तात्पुरती रचना उभारावी लागते आणि काँक्रीट घट्ट झाले की ती मोडावी लागते. तिचे साहित्य, मजुरी आणि वाया जाणारे लाकूड इमारतीत कुठेच दिसत नाही, तरीही काँक्रीटकामाच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिच्यावरच जातो. भिंत सरळ असेल तर हे परवडते. वक्र असेल तर परवडत नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षे चौकोनी खोल्या बांधत आलो आहोत. नोझलला सरळ रेषा आणि वक्र रेषा सारख्याच.

थॉमस एडिसनने विसाव्या शतकाच्या आरंभी अख्खे घर एकाच ओतकामात उभारण्याची कल्पना मांडली होती. काँक्रीट स्वस्त होते, पण लोखंडी साचे इतके महाग आणि गुंतागुंतीचे ठरले की मोजकीच घरे बांधली गेली. जी अडचण तेव्हा आड आली, तीच हे तंत्र मुळापासून दूर करते.

सिमेंटविषयीचा आपला मुद्दा योग्य आहे. मात्र तो घनमीटरपुरता आहे. नेदरलँड्समधील गेमर्ट येथे 2017 मध्ये सायकलींसाठी छापलेला 8 मीटरचा पूल पाहा. त्यात गरज असेल तिथेच काँक्रीट आहे, बाकी पोकळी आहे, आणि सर्व तुकडे ताणलेल्या पोलादी तारांनी एकत्र आवळले आहेत. मिश्रणात सिमेंट जास्त असले, तरी एकूण काँक्रीट कमी लागले तर अंतिम हिशेब बदलतो. शिवाय विशेष मिश्रणाशिवाय छपाई होत नाही, ही स्थितीही राहिलेली नाही. 2021 मध्ये अंगोलातील लुआंडा येथे नेहमीच्या काँक्रीटमध्ये रसायने मिसळून एक घर छापले गेले. बेहरोख खोश्नेविस यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात या तंत्राची मांडणी 1990 च्या दशकात केली. म्हणजे हे काल सुचलेले खूळ नव्हे.

सळई :

मी संरचना अभियंता आहे, म्हणून खर्च आणि कार्बन बाजूला ठेवून केवळ बळकटीविषयी लिहितो. गेमर्टच्या पुलाचे उदाहरण परांची यांनीच दिले हे बरे झाले, कारण त्या पुलाला एकत्र धरणारे काम पोलादी तारा करतात. काँक्रीट दाब सहन करते, ताण नाही. साच्यात आपण सळयांचा सांगाडा आधी बांधतो आणि त्याभोवती काँक्रीट ओततो. छपाईत नोझलच्या वाटेत उभी सळई येऊ शकत नाही. म्हणून बहुतेक प्रकल्पांत भिंतीचे दोन पापुद्रे छापतात, मधल्या पोकळीत सळया सोडतात आणि ती पोकळी काँक्रीटने भरतात. अशा भिंतीत भूकंपाचा भार मुख्यतः हे भरलेले गाळेच घेतात आणि छापील पापुद्रा बऱ्याच अंशी कायमच्या साच्याचे काम करतो. ही पद्धत चुकीची नाही. पण मग "यंत्राने भिंत बांधली" हे विधान अर्धेच खरे उरते.

आता थरांविषयी. गुणवत्ता तपासणीसाठी मी एका छपाईच्या कामावर उभा होतो. दोन सेंटिमीटर जाडीचे थर एकसारखे पडत होते आणि दर काही थरांनंतर एक कामगार दोन पापुद्र्यांना जोडणारी तार हाताने ओल्या काँक्रीटमध्ये दाबत होता. मध्येच पाइपात गोळा अडकला आणि पंप थांबला. पाइप सोडवून, धुऊन पुन्हा जोडेपर्यंत ऊन आणि वारा यांनी वरच्या थराची चकाकी गेली, पृष्ठभाग फिकट पडला. यंत्र सुरू झाले आणि पुढचा थर त्याच कोरड्या पृष्ठभागावर पडला. लांबून पाहणाऱ्याला भिंतीत काहीच वेगळे दिसले नसते. माझ्या दृष्टीने मात्र त्या उंचीवर भिंतीला आडवी, कमकुवत रेषा पडली होती. नेहमीच्या कामात आपण काँक्रीटला साच्यात व्हायब्रेटर लावतो. इथे दाबायला आणि हलवायला काहीच नाही. साचा नसल्यामुळे ताजा पृष्ठभाग चहूबाजूंनी उघडा राहतो, पाणी झपाट्याने उडते आणि आकुंचनाच्या भेगा लवकर पडतात. क्युरिंगकडे (काँक्रीट ओले ठेवून मुरू देण्याकडे) दुर्लक्ष झाले, तर हे दोष पुढे भरून काढता येत नाहीत.

आयोवातील मस्कटीन येथे 2023 मध्ये एका नियोजित छापील वसाहतीतले पहिलेच घर पाडावे लागले, कारण काँक्रीटला ठरलेली 5,000 पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) ताकद आली नाही. चाचणी झाली आणि तिचा निकाल मानला गेला, ही त्यातली चांगली गोष्ट. जिथे चाचणीच होत नसेल, तिथल्या घरांत माणसे राहायला जातील, ही माझी चिंता आहे.

परांची :

सळई यांचे निरीक्षण मी गांभीर्याने घेतो. परंतु थरांमधील सांधा हा फक्त छपाईचा दोष नाही. स्लॅबचे ओतकाम मध्येच थांबले की तिथेही कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) तयार होतो, आणि खराब भरलेल्या कॉलममधली हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ छिद्रे) गिलाव्याखाली झाकली गेल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. फरक असा की छपाईच्या यंत्राकडून प्रत्येक थराची वेळ, पंपाचा दाब आणि नोझलचा वेग यांची नोंद ठेवता येते. कोणत्या उंचीवर किती मिनिटे खंड पडला, हे वर्षांनंतरही सांगता येईल. हाताने भरलेल्या कॉलमविषयी असे काय सांगता येते?

नियमांची पोकळीही पूर्वीइतकी नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या निवासी बांधकाम संहितेच्या 2021 च्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आले आणि 2023 मध्ये आयएसओ व एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थांचे संयुक्त मानकही निघाले. काम थांबवून मानके पूर्ण होत नाहीत. काम करता करताच ती घडतात.

बिगारी ते मुकादम :

मजुरांचा विचार अजून कोणीच मांडलेला नाही. मी उमेदीची वर्षे उंच परांचीवर सेंटरिंग ठोकण्यात घालवली. पडण्याचा धोका, टेकू खचण्याचा धोका आणि पाठीवरचे ओझे यंत्रामुळे कमी होणार असेल, तर मी त्याचे स्वागतच करतो. पण यंत्राभोवती जी चार-पाच माणसे लागतात, त्यांत मिश्रणाचा ओलावा ओळखणारा आणि पंपाचा आवाज बदलताच सावध होणारा माणूस हवाच. तो अनुभवी गवंड्यांमधूनच घडेल. त्यांना शिकवण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मला दिसत नाही, आणि तो नसेल तर सळई यांनी पाहिले ते वारंवार घडेल.

मापनपट्टी :

एडिसनच्या उदाहरणाचा मी वेगळा अर्थ लावतो. त्याच्या पद्धतीत खर्च काँक्रीटमधून साच्यात गेला. या पद्धतीत तो साच्यातून यंत्र, विशेष मिश्रण आणि प्रशिक्षित चमूकडे जातो. तो खरोखर घटला की फक्त जागा बदलून बसला, हे पूर्ण झालेल्या घराच्या हिशेबावरूनच ठरेल. पूल, वक्र भिंती, कारखान्यात छापून जोडलेले भाग यांविषयी परांची यांच्याशी माझा वाद नाही. आइंडहोव्हनमध्ये 2021 साली भाडेकरू राहायला गेलेल्या घराचे 24 भाग कारखान्यात छापून आणले होते. ऊन आणि वारा यांपासून थर वाचवण्याचा तो समजूतदार मार्ग आहे. माझा विरोध उघड्या जागेवर, तारखेच्या दडपणाखाली केलेल्या बहुमजली निवासी छपाईला आहे.

सळई :

यंत्राकडून नोंद ठेवता येते हे मान्य. मग ती नोंद घर घेणाऱ्याला ताब्याच्या कागदपत्रांसोबत मिळाली पाहिजे, आणि ज्या थरांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त खंड पडला असेल, तिथे भिंतीतून नमुना कापून थरांच्या सांध्याची ताकद तपासली पाहिजे. साच्यात भरलेल्या क्यूबची (काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्याची) चाचणी इथे पुरेशी नाही, कारण क्यूबमध्ये तो सांधाच नसतो. ही अट करारात लिहून द्यायला किती कंत्राटदार तयार होतील, हे परांची यांनी सांगावे.