मैफल की शिकवणी? 'एक काय ते ठरवा' म्हणणाऱ्यांसाठी

रविवारचा_मास्तर
काल इथे धैवत_कोमल यांनी लिहिलं, की जो गवई शनिवारी मैफल करतो आणि रविवारी महापालिकेच्या शाळेत पोरांकडून स्वरांचे अलंकार घोकून घेतो, तो धड गवई नाही अन् धड मास्तरही नाही. 'एक काय ते ठरवा.' खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग! रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितोय.

तो रविवारचा मास्तर मीच. २३ पोरं, दोन बाकं जोडून केलेली बैठक, खिडकीबाहेर भंगारवाल्याचा भोंगा. परवा भूप राग चालू असताना भोंगा वाजला, तशी मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "सर, तो पंचमाच्या जरा खाली लागतोय." मी लावून बघितलं. लागत होता. घरी पेटी नाही, तानपुरा नाही, आई चार घरची भांडी घासते. हिने कुठल्या गुरूच्या घरी जाऊन राहायचं, सांगा.

आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, ते काय गाणं जमेना म्हणून? मिरजेला बाळकृष्णबुवांकडे तालीम घेतलेला माणूस. मैफली करायचे आणि तोच पैसा शाळेत ओतायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. त्यांनाही कुणीतरी 'एक काय ते ठरवा' म्हणालंच असणार. त्यांनी ऐकलं नाही, हे आपलं नशीब.

धैवत_कोमल
मोठी नावं घेतली की आपलंही वजन वाढतं, नाही का? पलुस्करांची मुंबईतली इमारत कर्जापायी गेली, ते मात्र गाळलंत.

माझा मुद्दा गळ्याचा होता, तुम्ही पोरीच्या आईची भांडी मध्ये आणलीत. तुम्ही गाणार काळी एकच्या पट्टीत, फार तर दोन. पोरं काळी चार-पाचमध्ये, म्हणजे पुष्कळ वर. दोन-दोन तास त्यांच्या पट्टीत गाऊन दाखवायचं, वर गोंगाटावर ओरडायचं, आणि संध्याकाळी स्वतःच्या पट्टीत खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावायचा? माझ्या गुरुजींचं हेच झालं. सकाळचा खर्जाचा रियाज गेला, दुपारभर शिकवण्या. एका मैफलीत मी मागे तानपुऱ्यावर होतो. तार षड्जावर, वरच्या 'सा'वर, आवाज चिरफाळला. विलंबित ख्याल अर्ध्यात सोडून त्यांनी भजन धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण लोकांना कळलंच नाही. मला त्यांची पाठ दिसत होती. सदरा भिजून चिकटला होता. त्यानंतर मी कुणालाही 'शिकवा हो' असं म्हटलेलं नाही.

आक्का_डोंबिवली
दोघांनाही नमस्कार. माझी तक्रार निराळीच. मुलीला मुद्दाम मैफली करणाऱ्या सरांकडे घातलं, म्हटलं खरं गाणं कानावर पडेल. डिसेंबर-जानेवारीत सहा रविवार वर्ग बंद. सर दौऱ्यावर. फी मात्र पूर्ण! बिदागी तिकडे, फी इकडे. मग सोडलं आणि परीक्षावाल्या क्लासला घातलं. तिथे प्रवेशिका परीक्षा झाली, दहावीला कलेचे वाढीव गुण मिळाले. आता तिला भूप आणि यमन यांत फरक काय विचारा, वही आणायला आत जाते.

रविवारचा_मास्तर
आक्का, हंगामात वर्ग बुडतात, खरं आहे. गेल्या वर्षी मीही चार बुडवले. त्यातला एक न कळवता. पोरं दीड तास पायरीवर बसून होती, हे मला वॉचमनने सांगितलं. त्याची लाज अजून आहे.

धैवतराव, गुरुजींचं वाचून वाईट वाटलं. गळ्याचं मान्य. म्हणून तर मी वर्गात फार गात नाही, पेटीवर स्वर देतो.

धैवत_कोमल
झालं! पेटी! तरीच म्हटलं अजून कशी आली नाही. दरबारी रागाचा तो हलता गंधार पेटीत कुठे असतो तेवढं बोट ठेवून दाखवा. पोराचा कान एकदा त्या ठोकळ्यांत बसला की मींड, एका स्वरातून दुसऱ्यात सलग घसरत जाणं, म्हणजे दोन पट्ट्यांमधली उडी. १९४० ला आकाशवाणीने पेटी उगाच बाहेर नव्हती काढली.

पेटीवाला_७१
आणि १९७१ पासून परत आत घ्यावी लागली, तेही लिहा की! बंदी आली तेव्हा आकाशवाणीच्या गादीवर लायोनेल फील्डन हा इंग्रज होता. साहेबाचा कान तुम्हाला कधीपासून पटायला लागला?

धैवत_कोमल
एकट्या साहेबाचा नव्हे. रवींद्रनाथांनाही पेटी नको होती. आता त्यांनाही साहेब म्हणा.

पेटीवाला_७१
रवींद्रनाथांना २३ पोरं एका सुरात आणायची नव्हती हो, शाळेच्या पत्र्याखाली. माझ्या वडिलांनी तीस वर्षं साथ केली. गवयाचा सूर खाली यायला लागला की ते भाता असा हलका सोडायचे, की गवई परत जागेवर आणि श्रोत्यांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात गवयाचं नाव ठळक, आणि आमच्या वडिलांचं 'साथसंगत समर्पक'. बस. तुमच्या गुरुजींच्या त्या मैफलीत पेटीवर कोण होतं? आठवतंय?

धैवत_कोमल
हा प्रश्न हलकट आहे.

(होतं. त्यांनी सांभाळलं. पण मुद्दा तो नाही.)

पेटीवाला_७१
माझा तोच आहे.

आक्का_डोंबिवली
अहो, विषय शिकवण्याचा होता ना? तुम्ही दोघं पेटीवर वेगळा धागा काढा.

रविवारचा_मास्तर
त्या भोंगावाल्या पोरीने मागच्या महिन्यात विचारलं, "सर, भूप आणि देशकारात स्वर तेच पाच, मग नावं दोन कशाला?" मी म्हटलं भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, देशकाराचा ध. पाठ केलेलं उत्तर. ती म्हणाली, "म्हणजे काय करायचं?" तिथे अडलो. वीस वर्षं भूप गातोय, आणि गंधारावर नक्की कसा टेकतो, धैवताला नुसता स्पर्श करून कसा सोडतो, हे सांगता येईना. आठवडाभर घरी तेवढंच केलं. नंतरच्या मैफलीत भूप मांडला, तर तबलेवाला ग्रीनरूममध्ये विचारतो, "बुवा, आज काय वेगळं केलंत?" एका रविवारने गळा थकतो, कबूल. पण गाण्याला काही मिळतच नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

धैवत_कोमल
बरं, एक पोरगी दिली तुम्हाला. कान आहे तिला. उरलेल्या २२ जणांचं काय? त्यांना तुम्ही काय करणार, कानसेन? हे छान असतं. तानसेन होईना की कानसेन म्हणून खपवायचं.

रविवारचा_मास्तर
तुमच्या गुरुजींच्या मैफलीला ते २२ जण बसले असते, तर टाळ्या वाजल्या नसत्या.

धैवत_कोमल
…

हे लागलं. बरोबर आहे असं म्हणत नाहीये. लागलं, एवढंच. आणि शिकवायचंच असेल तर पेटी बंद करून महिनाभर तानपुऱ्यावर वर्ग घेऊन दाखवा. मग बोलू. मोबाइलमधला नको, खरा.

पेटीवाला_७१
पेटी माळ्यावर टाकू नका म्हणजे झालं. पुढच्या महिन्यात लागेलच.

रविवारचा_मास्तर
खरा आहे घरी, आजोबांचा. पण जवारी, घोडीवरून तारेला येणारी ती गुंज, पार गेलीय. तारेखालचा दोरा किती सरकवला तरी तार नुसती खणखणते, बोलत नाही. इथे मुंबईत दाखवला तर म्हणाले नवा घ्या.

मिरजेचा
इतका वेळ गप्प वाचत होतो. नवाबिवा घेऊ नका. भोपळा तडकलेला नाही ना? मग मिरजेला आणा, तंतुवाद्यवाल्यांच्या कुठल्याही दुकानात चौकशी करा. हाडाची घोडी असेल तर नीट घासून देतात. पट्टी आधी ठरवा मात्र, पोरांची लावायची की तुमची. तारा त्यावर बदलतील. आणि पावसाळा उलटल्यावर या, आत्ता लावलेली जवारी दसऱ्यापर्यंत टिकत नाही.

रविवारचा_मास्तर
पोरांची.