मदत हवी आहे : खाती मोडून गिऱ्हाईकवार सेल (एका गिऱ्हाइकाचं सगळं काम एकत्र करणारा गट), छोट्या मशीन शॉपमध्ये जमेल का?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी-व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग कापायचं) जॉबवर्क आहे. कंत्राटी धरून पन्नासेक माणसं. टर्निंग, मिलिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच ही खाती बाबांनी पाडली तेव्हा एकाच कंपनीचे हजारो नग चालायचे. आता पंपवाले, व्हॉल्व्हवाले वीस-पंचवीस नग सांगतात आणि परवा हवेत म्हणतात. मशीनवरचं काम दोन तासांचं, पण जॉब या खात्यातून त्या खात्यात जायची वाट बघत चार दिवस ट्रॉलीत पडून. ड्रॉइंगची रिव्हिजन आली की सगळे बाबांच्या केबिनबाहेर उभे.

नेदरलँड्सच्या ब्यूर्टझोर्गबद्दल वाचलं. २००६ पासून घरी जाऊन शुश्रूषा करतात, जास्तीत जास्त बारा नर्सची टीम, वर मॅनेजर नाही. झकास! पण तिथे नर्स एकमेकींचं काम उचलू शकतात. माझ्याकडे ग्राइंडिंग एकालाच येतं आणि जत्रेच्या आठवड्यात तो गावी असतो.

डोक्यात आहे ते असं: गिऱ्हाईकवार दोन सेल, प्रत्येकात सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा), ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर. अडतंय ते माणसांपाशी. आमचे जुने सुपरवायझर मामा विचारतात, "मग मी नक्की कोण?" इन्स्पेक्टर सेलमध्ये बसला तर माल पास करायचा दबाव येणारच. दुसरं मशीन शिकणाऱ्याला भत्ता कधीपासून द्यायचा? शिवाय कन्सल्टंट म्हणतो, आयएसओ (गुणवत्ता मानक) ऑडिट होईपर्यंत कोण कोणाच्या हाताखाली या चार्टला हात लावू नका. कुणी हे केलंय का?

प्रतिसाद (शिरोली, फाउंड्री आणि मशीनिंग)

कन्सल्टंटचं मनावर घेऊ नका. आयएसओ ९००१:२०१५ अमुकच रचना हवी असं म्हणत नाही. जबाबदारी आणि अधिकार कोणाकडे, ते ठरलेलं आणि सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. चार्ट बदलला की तेवढं अपडेट करा.

आधी एकच सेल काढा, कटकट्या गिऱ्हाइकाचा. इन्स्पेक्टर बसू दे तिथे, पण त्याची रजा आणि पगारवाढ सेल लीडरच्या हातात नको. मामांना स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं मशीन येतं त्याचा तक्ता, द्या. कोण कुठल्या मशीनवर तयार झाला हे त्यांनी सही करून सांगायचं, भत्ता त्या सहीपासून सुरू. आमच्याकडे यानंतर मामा लोकांचा मान वाढलाच.

आणि बाबांकडून लेखी घ्या की किती रुपयांपर्यंतचा निर्णय सेलने न विचारता घ्यायचा. आकडा नसला तर पुन्हा सगळे केबिनबाहेर. ग्राइंडर मात्र दुसरा माणूस तयार होईपर्यंत सामाईकच ठेवा.